मामांनी निवडलेला कीबोर्ड

मामा माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याच्या आवाजाची पट्टी ओळखायचे. एसटीचा कंडक्टर दारात ओरडला की हळूच म्हणत, "पांढरी दोन." एका लग्नात नवरदेवाची आत्या मानपानावरून भांडायला लागली, तेव्हा स्टेजवर माझ्याकडे वाकून म्हणाले होते, "काळी पाच. तुझ्यापेक्षा वर जातीया." मीसुद्धा सुरुवातीला त्यांच्या लेखी नुसती 'काळी चार' होते. माझं नाव त्यांना कळलं ते माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरून.

ते आमच्यापैकी कुणाचेच सख्खे मामा नव्हते. माझ्या नवऱ्याचा, अरुणचा, कोल्हापुरात छोटासा ऑर्केस्ट्रा आहे. हळद, बारसं, गणपती, कुणाच्या निवृत्तीचा समारंभ, बोलावतील तिथं आम्ही जातो. मी गाते, मामा कीबोर्ड वाजवत. रिदमचा कीबोर्ड. डाव्या हातानं तीन पट्ट्यांची कॉर्ड धरली की मागून ढोलकी, बास गिटार सगळं आपोआप सुरू होतं. या सोयीनं पुष्कळ वादक आळशी झाले, मामा झाले नाहीत. "मशीन पुढं पळतंय," ते म्हणत, "आपण गाणाऱ्याच्या मागं चालायचं."

आणि तसं ते चालत. वाजवताना हाताकडे कधी बघायचे नाहीत, माझ्या तोंडाकडे बघायचे. इचलकरंजीच्या एका गणेश मंडळात मी घाईत अख्खं कडवंच गाळलं. पण मामा माझ्याबरोबर थेट शेवटच्या ध्रुवपदावर येऊन बसलेले. समोर कुणाला काही कळलं नाही. सामान आवरताना एवढंच म्हणाले, "चुकलीस, चुकू दे. घाबरलीस कशाला? मी हाय की मागं." पाठीमागे मामा आहेत या भरवशावरच मी गायिका झाले. यात कौतुकाचा भाग नाही, ते खरंच तसं आहे.

दोन वर्षांपूर्वी शिरोळला एका बारशात आमचा जुना कीबोर्ड ऐन पाळण्याच्या गाण्यात बंद पडला आणि पुन्हा सुरूच झाला नाही. नवा घेणं भाग होतं. अरुण म्हणाला, "गाणार तू, ठरव तू. मामांना घेऊन जा." दुकानदारानं दोन कीबोर्ड शेजारी शेजारी मांडून ठेवले होते, एक काळा, एक करडा.

कीबोर्ड पारखायची मामांची स्वतःची रीत होती. आधी तो मुका करायचा. आवाज पूर्ण बंद करून ते एक अख्खं गाणं वाजवत आणि पट्ट्यांची नुसती टकटक ऐकत. दुकानदार गोंधळून म्हणाला, "मामा, आवाज तर ऐका." मामा म्हणाले, "पोरगी बघायला आलोय पावणं. आधी चालून दाखवू दे, मग गाऊ दे."

काळ्याच्या पट्ट्या जड होत्या, जोर देऊन दाबाव्या लागत. करड्याच्या हलक्या, नुसतं बोट टेकलं तरी बोलायच्या. मग आवाज वाढवला. काळ्याची सनई जत्रेतल्या पिपाणीसारखी वाजली, ढोलकीसुद्धा पत्र्याच्या डब्यावर थाप मारल्यासारखी. करड्यावर सनई लागली आणि रस्त्यावरचे दोघं जण दारात येऊन थांबले. माझं तिथंच ठरलं.

"म्हण," मामा म्हणाले. मी काळ्यावर म्हटलं, ठीक झालं. मग करड्यावर सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला मागून भलतीच कॉर्ड आली. पुढं पुन्हा. मी वळून बघितलं. मामांचं एक बोट शेजारच्या पट्टीवर नुसतं टेकलं होतं आणि ती पट्टी बोलत होती. त्या बोटाचा त्यांना पत्ताच नव्हता. आणि मामा माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. मान खाली घालून, एकेक बोट डोळ्यानं शोधून ठेवत होते.

गेले काही महिने ते स्टेजवर मान खालीच ठेवत होते, हे मला तेव्हा आठवलं. मला वाटलं होतं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

करडा घेतला तर मामा वाजवू शकणार नाहीत, एवढं मला कळलं. मी दुकानदाराला म्हटलं, "काळाच द्या. मला याचाच आवाज आवडला."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कान तुझं मीच तयार केल्यात. मला खोटं सांगतीस व्हय?" दुकानदाराकडे वळून म्हणाले, "करडा बांधा. हिचा आवाज त्याच्यावर बसतोय."

बाहेर चहाच्या गाड्यावर त्यांनी दोन्ही हात पुढं केले. "साखरंच्या आजारानं बोटं बधिर झाल्यात. वर्ष झालं. आपल्या जुन्यागत पट्टी जड असली तर मनगटाला तरी कळतंय, दाबली म्हणून. हलकी असली तर कायबी कळत न्हाय."

"मग काळा घ्यायचा की, मामा."

"आणि तू जल्मभर पिपाणीवर गायाचं? चहा पी, गार व्हायलाय."

मी चहा प्यायले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. रिक्षात करडा कीबोर्ड आमच्या दोघांच्या मांडीवर आडवा होता. मामा कळंब्याला घरी उतरले आणि त्यानंतर आमच्याबरोबर कधी स्टेजवर चढले नाहीत. इचलकरंजीहून नवा वादक आला. तो चांगला वाजवतो.

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर मामा गेले, झोपेतच. दुपारी त्यांना पोहोचवून आलो. संध्याकाळी आमची एक हळद ठरलेली होती. अरुण म्हणाला, "दुसरी कुणी गायिका बघू का?" मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या घरची हळद आपल्यासाठी थांबत नाही.

त्या दिवशी माझा आवाज फार चांगला लागला. वरमाईनं एक गाणं पुन्हा म्हणायला लावलं. सूर जागेवर पडतोय हे कानाला ऐकू येत होतं, म्हणून पुढचा लावत होते. आत काही कळत नव्हतं, दुःखसुद्धा. बोटांना काही लागत नसताना मामा वर्षभर माझ्या मागं कसे चालले असतील, ते मला त्या हळदीत गाताना समजलं.