मामींचं मत

रत्नागिरी जिल्ह्यात निवडणुकीचं कार्यालय उघडलं नसतं तरी काही बिघडलं नसतं. माझ्या बायकोचे मामा हेदवीला राहतात, तेवढं पुरे होतं. निवडणूक ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, ती मामांकडून समजून घ्यावीच लागते, आपण विचारलेलं नसलं तरी. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी ना पगार विचारला, ना पत्रिका मागितली. "विधान परिषदेच्या आमदाराला मत कोण देतं?" एवढाच प्रश्न. मी "लोक" म्हणालो आणि लग्न मोडता मोडता वाचलं. पुढे लग्नाच्या पंगतीत ते मुद्दाम माझ्याशेजारी बसले, आणि पानातला वरणभात पार निवेपर्यंत मला शिक्षक मतदारसंघ आणि पदवीधर मतदारसंघ वाढत राहिले.

गुप्त मतदान हा मामांच्या घरचा कुळाचार होता. मामा-मामी केंद्रावर जोडीने जात, जोडीने परत येत, पण एकमेकांना अवाक्षर विचारत नसत. एकदा प्रचाराला आलेला कार्यकर्ता लाडात म्हणाला, "मामा, घरातली दोन्ही मतं आपलीच ना?" मामा म्हणाले, "माझं तुला सांगणार नाही, आणि तिचं मलाच ठाऊक नाही!"

गेल्या विधानसभेला मामी अंथरुणाला खिळलेल्या. पंच्याऐंशी उलटलेल्यांना घरून टपाली मतदान करता येतं, म्हणून मामांनी त्यांचा अर्ज भरला. स्वतःचा मात्र नाही. "मला पाय आहेत अजून!" मतदान पथक घरी आलं तेव्हा आम्ही तिथेच होतो. मामींच्या खाटेवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. मामींना पेन नीट धरता येईना, तेव्हा अधिकारी म्हणाले, "आजोबा, मदतीला तुम्ही थांबलात तरी चालेल." मामांनी मामींकडे पाहिलं.

"नको हो," मामी म्हणाल्या. "जन्मभर बाहेर थांबलात, आता कशाला आत येताय?"

मामा अंगणात गेले आणि घराकडे पाठ करून उभे राहिले. पथक गेल्यावर आत आले, खाटेवर टेकले. "सुकू दे गो शाई, पुसू नकोस," म्हणत मामींचं बोट हातात धरून फुंकर घालत बसले.

मतमोजणीच्या आधीच मामी गेल्या. मोजणीच्या दिवशी सुतकाच्या घरात मामा म्हणाले, "टीव्ही लाव." मी लावला. कोण पुढे, कोण मागे, त्यांनी काहीच विचारलं नाही. टपाली मतांची मोजणी चालू असल्याचं टीव्हीवर सांगितलं, तेव्हा मात्र खुर्ची पुढे ओढली.

"ह्यात तिचं आहे हो," ते हळूच म्हणाले. "कुणाला दिलंन, देव जाणे. पण मोजतायत."