आलुबुखारात तिरफळ

मी त्या घरात मासे शिजवले नव्हते. एवढं साधं वाक्य, पण तेव्हा ते ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की माझे कान तापतात.

राजाजीनगरात आम्ही ज्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो, त्या अक्का घरात मराठीच बोलायच्या. पण त्यांच्या घराण्याला बेंगळुरात इतक्या पिढ्या झाल्या होत्या की मूळ गाव कुठलं हे त्यांना सांगता यायचं नाही. बोलता बोलता कन्नड मधे यायचं. "स्वल्प थांब गं." "सरी, जा आता." थोडं म्हणजे स्वल्प, बरं म्हणजे सरी. मी कोकणातून लग्न होऊन थेट इथे आलेली. आठवीत शाळा सुटली होती, कन्नडचं अक्षर ओळखीचं नव्हतं आणि हिंदी होती ती रेडिओवरच्या गाण्यांपुरती. नवरा कारखान्यात लेथवर. परक्या शहरात मराठी बोलणारं घर मिळालं याचंच मला केवढं वाटलं होतं.

अट एकच होती. "तुम्ही समुद्राकडची माणसं, म्हणून आधीच सांगते. मांस-मच्छी नाही. अंडंसुद्धा नको." नवऱ्यानं मान हलवली, मीही हलवली. नवरा कधीमधी सुट्टीच्या दिवशी बाहेर हॉटेलात जाऊन मासे खाऊन यायचा. मी तेही केलं नाही. एवढ्या मोठ्या गावात आपल्याला कुणीतरी छप्पर दिलंय आणि ते कुठल्याही क्षणी काढून घेतील, अशी धाकधूक मला सदा असायची. भांडी घासतानासुद्धा मी नळाचा आवाज कमी ठेवायची.

आणि अक्कांनी केलंही पुष्कळ. मला कावीळ झाली तेव्हा गावाहून कुणी येऊ शकलं नाही. अक्कांनी आपल्या ताटलीत मऊ भात आणि ताक आणून मला भरवलं. बसच्या पाट्या वाचायला त्यांनीच शिकवल्या. पार्लरमधलं कामही त्यांच्याच ओळखीनं मिळालं. हे सगळं मी विसरलेले नाही, आणि विसरलेले नाही म्हणूनच राग जात नाही.

ते पार्लर एका चिनी बाईंचं होतं. जन्म कलकत्त्याचा, हिंदी झकास, आम्ही सगळ्या त्यांना आंटी म्हणायचो. मी केस झाडायची, टॉवेल धुवायची. एकदा दुपारी त्यांनी डब्यातून ब्रेडबरोबर गडद लाल जॅम काढला आणि माझ्याही हातावर एक तुकडा ठेवला. आलुबुखारांचा जॅम, आत आलं, दालचिनी, चक्रीफूल आणि संत्र्याची वाळकी साल. आधी गोड लागलं, मग आंबट, आणि मग जिभेला झिणझिण्या आल्या. मी तोंडावर हात धरला.

"आंटी, ये तो हमारा तिरफळ है।"

"तेरा कैसे? ये हमारा है," त्या म्हणाल्या. "माँ के टाइम से डालते हैं।"

दुसऱ्या दिवशी मी पदराच्या गाठीत बांधून आमची तिरफळं नेली. आंटींनी एक फोडून चाटलं, डोळे मिटले. त्यांच्या जॅममधली चिनी मिरी बारीक होती, आमचं तिरफळ जाडजूड. "मौसी की लड़की है," त्या म्हणाल्या आणि जॅम कसा करायचा ते मला टॉवेलांच्या घड्या घालता घालता सांगितलं.

तिरफळं माझ्याकडे होती ती आईनं पाठवलेली. खोलीची अट मी तिला कळवलीच नव्हती. कळवली असती तर माझी पोरगी कशी जगते म्हणून ती हाय खात बसली असती. आमच्या घरात तिरफळ माशाशिवाय चुलीजवळ यायचं नाही. वाळलं की आपणहून तोंड उघडतं, आतली काळी बी काढून टाकायची, कारण ती दाताखाली वाळूसारखी कचकचते, आणि साल तेवढी बांगड्याच्या कढीत. त्यामुळे माझी पिशवी खिळ्याला नुसती टांगलेली असायची. फार आठवण आली की तोंड सोडून वास घ्यायची, परत बांधायची. आता मासळीविना ती वापरायची वाट सापडली, याचा मला इतका आनंद झाला होता.

आलुबुखार बाजारात आले तसे मी पार्लरच्या सुट्टीच्या दिवशी पिशवी भरून आणले. चिरले, बिया काढल्या, साखर घालून स्टोव्हवर ठेवले. चक्रीफूल आणि दालचिनी फडक्यात बांधून सोडली, आल्याचा रस घातला. तिरफळाच्या साली तव्यावर जरा शेकवून कुटल्या आणि शेवटी टाकल्या. वास अंगणभर गेला. अक्का दारात आल्या.

"काय गं शिजवतेस? घमघमाट सुटलाय. स्वल्प दे बघू."

मी बशीत थेंब टाकून दाखवला, ओघळत नव्हता. त्यांनी बोटानं चाटला. जिभेला झिणझिण्या आल्यावर लहान मुलीसारख्या हसल्या. कॉफीच्या रिकाम्या बाटलीत भरून मी त्यांना दिला. त्या दिवशी त्यांची नणंद आली होती. तिला दोशाबरोबर वाढला, आणि तिनं दुसऱ्यांदा मागून घेतला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी त्या दोघी बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. नवरा कारखान्यातून आला, फाटकातच थांबला, नाक वर केलं. त्याच्या तोंडावर इतका आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता. अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असा ओरडला, "बांगडे खंय गावले गो?"

बांगड्याला कन्नडमध्येही जवळजवळ तेच नाव आहे. समजावून सांगायची गरज कुणाला पडली नाही.

"अय्यो," नणंद उठून उभी राहिली. "मी म्हटलंच होतं, वास काहीतरी वेगळा आहे."

म्हटलं नव्हतं. एक शब्द म्हटला नव्हता. दोन दोशांना लावून खाल्ला होता.

मी पिशवी घेऊन धावले. अक्कांसमोर तिरफळं धरली. "हा याचा वास, अक्का. मासा नाही. फळं आहेत, साखर आहे, बघा तुम्ही पातेलं."

त्यांनी वास घेतला आणि मान मागे ओढली. "हाच तो वास."

"हाच. पण हा माशाचा नाही."

"मग तुझा नवरा काय म्हणाला?"

नवरा बिचारा मदतीला आला. "नाही हो अक्का, आमच्याकडे तिरफळ बांगड्यातच घालतात ना, म्हणून मला वाटलं."

"माशातच घालतात?"

"माशातच. दुसऱ्या कशात बघितलंच नाही कधी."

झालं. अक्कांनी जन्मात मासा हुंगला नव्हता. दुपारपर्यंत तो वास त्यांना घमघमाट होता, आता तोच मासा झाला, आणि तो मासा नाही हे मी कशानं दाखवणार होते? त्या आत गेल्या. आतून चुळा भरल्याचा आवाज येत राहिला.

मी नवऱ्यावर भडकले. "घरात येऊन विचारता आलं नसतं?"

"भूक लागली होती गो," तो म्हणाला. "आणि चूक काय बोललो? वास तोच आहे."

सकाळी अक्कांनी मला तुळशीपाशी बोलावलं. रात्रभर झोपल्या नसाव्यात, डोळे सुजले होते. आवाज मात्र मऊ होता. "हे बघ, मला तुला घालवायचं नाहीये. तुळशीवर हात ठेव आणि सांग मासा नव्हता म्हणून. मग विषय संपला."

नवरा मागून कुजबुजला, "ठेव ना हात. खरंच तर आहे."

खरंच होतं, तेच तर. आदल्या दिवशीपर्यंतची मी असते तर हात ठेवलाही असता. खोली जाईल, काम जाईल, या भीतीनं दोन्ही हात ठेवले असते. पण त्या सकाळी हात मी पदराखालीच ठेवले.

"अक्का, मी कावीळ होऊन पडले होते तेव्हा तुम्ही तुमच्या ताटलीतला भात मला भरवलात. त्यात काय आहे, शपथ घ्या, असं मी म्हटलं का?"

"ते वेगळं गं."

"काय वेगळं?"

काय वेगळं ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांच्या हातचं शुद्धच असतं, आणि माझ्या हातचं शुद्ध आहे की नाही हे तुळशीला विचारावं लागतं.

"मी काल सांगितलं," मी म्हटलं. "पुन्हा सांगणार नाही."

"सरी," अक्का म्हणाल्या. तुळशीला पाणी घातलं, तांब्या उपडा केला. "महिनाअखेर दुसरी खोली बघा."

नवरा कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नाही. नुसता हात ठेवायचा होता, असं त्याचं म्हणणं. आंटींना सांगितलं तर त्या हसत सुटल्या आणि मग आपला डबा आवरायला लागल्या. "हमारे टिफिन के बारे में भी सब ऐसे ही बोलते हैं," एवढंच म्हणाल्या.

निघायच्या दिवशी टेम्पोत सामान चढलं तेव्हा अक्का फाटकाशी आल्या. हातात ती जॅमची बाटली होती, घासूनपुसून लख्ख केलेली. माझ्या हातात दिली आणि आत वळल्या. बाटलीच्या तळाशी साखर होती, चमचाभर. रिकामं भांडं परत देऊ नये, हे त्यांच्या घराण्यानं गाव विसरूनही इतक्या पिढ्या जपलं होतं. नियम पाळला. माझं खरं मानायचं तेवढं राहिलं. त्या साखरेनं मला जितका राग आला तितका खोली सोडा म्हणाल्या तेव्हाही आला नव्हता.

नव्या खोलीवर अट नव्हती. नवरा पहिल्याच रविवारी बांगडे घेऊन आला. मी कढी केली, तिरफळं सोडली. तो पाट ओढून बसला आणि म्हणाला, "आता खरो वास इलो." मला मात्र आलुबुखारांचा वास येत होता, चक्रीफुलाचा, तव्यावरच्या त्या दुपारचा. मी घास ताटात परत ठेवला. माझं हेही त्यांनी नासवलं, असं मनात आलं, आणि लगेच भरवलेला भात आठवला, आणि मी उठून हात धुतले.

पुढच्या हंगामात जॅम केला तेव्हा ती चमचाभर साखर त्यात घातली. टाकवली नाही. एकच गोष्ट मला अजून विचारायची राहिली आहे. फाटकाशी तोंडावर आली होती, पण टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. अक्का, तो जॅम तुम्ही फेकलात की खाल्लात?