डुमसच्या फोटोतून पुसलेली माझी आई

आज, मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, नंदुरबारच्या एका स्टुडिओवाल्याने माझी आई पुसून टाकलेला फोटो माझ्या हातात ठेवला. मी फक्त फाटलेली घडी सांधायला दिली होती.

मंडळी, फोटो १९४६ सालचा, सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावरचा. संध्याकाळच्या उजेडात वडील कॅमेऱ्याचं झाकण काढून दहापर्यंत मोजायचे आणि तोवर कुणी हलायचं नाही, हललेलं माणूस पुसट उमटतं, हा घरचा नियम. आत्या सांगायची, तेवढ्यात मोठी लाट आली. पाण्याकाठी बसलेली दोन वर्षांची मी घाबरून थिजले. बाकी सगळे नियम पाळत उभे राहिले, एकटी आई माझ्याकडे धावली. म्हणून ती नुसता पांढरा पट्टा होऊन उमटली. तिचा दुसरा फोटो नाही.

“मावशी, तठे धुरना पट्टा व्हता, मी काढी टाका,” पुसून झाल्याचं स्टुडिओवाल्याने सांगितलं.

“आणि मूळ फोटो?”

“व्हई कठे तरी.”

मला काही कळेनासं झालंय. त्याला पट्टा दिसला, पाण्याकाठी एकटं बसलेलं मूल दिसलं नाही? या नव्या फोटोत माझ्याकडे कुणीच येत नाही. तो मी भिंतीवर कसा लावू, तुम्हीच सांगा.

स्टुडिओवाले, मूळ फोटो कुठे आहे ते शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा. फोन करू नका.