वार कोणता?

आमच्या बाबांनी कधी सरळ उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. चहा घेणार का, विचारलं की म्हणायचे, "घेईन, पण परत देणार न्हाय." जेवण झालं का, विचारलं की, "तुझ्या आईने केलं म्हणून झालं." माणसाने किती सहन करायचं?

बाबा यंत्रमागांच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. कुठल्याही लग्नात कुणी "काय करता?" विचारलं की गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "मी मागावर असतो." समोरच्याने मान हलवली की हळूच म्हणायचे, "कुणाच्या, ते विचारू नका." माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा त्यांनी हेच केलं. सासरे पुढे वर्षभर त्यांना पोलीस खात्यातले समजत होते. खुलासा मला करावा लागला, आणि तो करताना कुणालाही हसू आलं नाही.

हिंदीतही सुटका नव्हती. कारखान्यातल्या कामगारांना सांगायचे, "घर में बीवी का ताना, यहाँ लूम का ताना." ताना म्हणजे टोमणा, आणि ताना म्हणजे कापडातले उभे धागे. कामगार टाळ्या द्यायचे. आई मात्र तेवढ्यावरून दोन दिवस बोलायची नाही.

चिडून चिडून मी या कोट्यांचा अभ्यासच केला म्हणा ना. एका शब्दाचे दोन अर्थ असतात. ऐकणारा सवयीने त्यातला एक धरून चालायला लागतो, आणि दुसरा बोलणाऱ्याने मुठीत ठेवलेला असतो. मूठ उघडली की आपण फसलो हे कळतं आणि हसू येतं. दोन्ही अर्थ ठाऊक असून एकच दाखवायचा, एवढीच त्यातली हुशारी. हे सगळं कळत असूनही मी कधी हसले नाही. हसलं की पुढची कोटी तयारच असायची.

गेल्या वर्षी एका सकाळी मी दापोड्याला, गोदामातल्या ऑफिसात, ड्युटीवर निघाले होते. चहा पिता पिता बाबांचं बोलणं बोबडं झालं आणि कप हातातून निसटला. पाच मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, तरी मी त्यांना रिक्षात बसवून दवाखान्यात निघाले. धामणकर नाक्याला रिक्षा जी अडकली ती हलेचना. बाबा रस्ताभर गप्प होते, आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं.

डॉक्टर तरुण होते, उत्तरेकडचे. मराठी त्यांना येत नव्हतं. हातपाय तपासून त्यांनी मला हिंदीत समजावलं, की आता डोकं ठिकाणावर आहे का ते बघू. जराही गोंधळ दिसला तर आत्ताच्या आत्ता ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. नाहीतर इथेच तपासण्या करून संध्याकाळपर्यंत घरी सोडतील. मला घरीच जायचं होतं.

"चाचा, आज कौन सा वार है?" त्यांनी विचारलं.

"वार तो बंद हो गया," बाबा म्हणाले. "अब मीटर चलता है."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आणि मी हसले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या कोटीवर खळखळून हसले. ही कोटी नवी होती, मी कधीच ऐकलेली नव्हती, आणि चक्क चांगली होती. ज्या माणसाला हे सुचतं त्याच्या डोक्याला काय धाड भरलीय!

"सर, ये जोक है," मी घाईघाईने म्हणाले. "वार मतलब दिन, और वार मतलब गज. पहले कपडा वार में नापते थे. नऊवारी साडी होती है ना, नौ वार की? अभी सब मीटर में."

"इतना सीरियस होके जोक?"

"यही तो इनकी आदत है. बचपन से झेल रही हूँ, सर."

ज्या खोडीवर जन्मभर वैतागले तिचीच मी वकिली करत होते. आधी डॉक्टरांना कळेना. मग कळलं, आणि तेही हसले. लिहिलेलं खोडायला त्यांनी पेन उचललं.

बाबा माझ्याकडे बघत होते. "हसतेस काय? मीटरच हाय आता."

"बाबा, पुरे झाली चेष्टा," मी म्हणाले. "सोमवार, मंगळवार, बुधवार... आज यातला कुठला?"

ते वैतागले. कारखान्यात कुणी परका माणूस आडवा आला की वैतागायचे, तसे. "सांगितलं ना बाई, वारात कोण घेत न्हाय. मीटरमध्ये बोला. किती पायजे?"

मला बाई म्हणाले. कोटी नव्हतीच ती. वार म्हणजे कापडाचं माप, एवढंच त्यांच्यापाशी उरलं होतं.

डॉक्टरांना मराठी कळलं नव्हतं. पेन हातात धरून ते अजून हसतच होते. "ये भी जोक?" त्यांनी विचारलं.

"नहीं, सर," मी म्हणाले. "जो लिखा है, वही रहने दो."