खुर्चीतला खळगा

माझं झेरॉक्सचं दुकान खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या काकांच्या दुकानाला लागून. मधे एक पातळ भिंत, त्यामुळे त्यांची हातोडी आणि खोकला मला पाठ झाला होता. जन्मभर या माणसानं लोकांच्या बुडाची सोय केली आणि स्वतः बसायचे ते उपड्या लाकडी खोक्यावर, तेही रस्त्याकडे पाठ करून. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचं नाही हा त्यांचा नियम. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दुकानामागच्या खोलीत एक कॉट होती. जेवण उभ्याउभ्याच उरकायचं. संध्याकाळी मी चहा नेऊन द्यायचे, तो शेजारी ठेवल्या ठेवल्या गार व्हायचा.

"काका, साय धरली बघा!"

"असू दे गं."

मला भयंकर राग यायचा. मी काय साय धरायला चहा करत होते?

एकदा एक बाई हातगाडीवरून हातांची मोठी खुर्ची घेऊन आल्या. नवरा नुकताच गेला होता. "यांची खुर्ची आहे. कापड विरलंय, नीट करून द्या," एवढंच बोलल्या. काकांनी त्या खुर्चीत जीव ओतला. आतला जुना, दबलेला काथ्या काढून टाकला, फोम घातला, वरचं कापड असं ताणून बसवलं की सुरकुती शोधून सापडू नये.

बाई आल्या, बसल्या आणि लगेच उठल्या.

"खळगा कुठे गेला?"

"कुठला खळगा?"

"यांच्या बसण्यानं पडलेला. मी रोज त्यातच बसत होते हो." आणि त्या तिथेच उभ्या राहून रडायला लागल्या.

काकांचा चेहरा पार उतरला. खळगे बुजवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला एखादा ठेवायचा असतो हे कसं सुचावं? बाईही काही बोलल्या नव्हत्या. जुना काथ्या तर केव्हाच कचरागाडीतून गेला होता.

"मला थोडे दिवस द्या," काका कसेबसे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोम उपसून पुन्हा काथ्या भरला आणि स्वतःचा नियम मोडून खुर्चीत बसले. फोम दाबला तरी परत वर येतो, काथ्या मात्र बसू तसा दबतो, असं त्यांनी मला समजावलं.

"मग वाळूचं पोतं ठेवा की."

"पोत्यानं नुसतं चपटं होतं. माणूसच बसायला हवा."

"तुमच्या या काडीसारख्या अंगानं खळगा पडायला पुढचा जन्म उजाडेल!"

काका हसले. मी त्यांना हसताना फारसं पाहिलंच नव्हतं.

आत जागा नसल्यामुळे खुर्ची दारात होती, तोंड रस्त्याकडे. काम आटोपलं की काका रोज तिच्यात बसायचे, दिवे लागेपर्यंत. मग बघण्याशिवाय दुसरं करायचं काय?

"अगं, समोर वरच्या मजल्यावर एक म्हातारे कुंडीला पाणी घालतात, आणि घालताना झाडाशी बोलतात. तुला ठाऊक होतं?"

मला ठाऊक होतं. सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. किल्लीवाला फोनवर बायकोशी रोज त्याच वेळी भांडतो आणि शेवटी हळू आवाजात "जेवलीस का" विचारतो, हेही ठाऊक होतं. काका मात्र सगळं कालच घडल्यासारखं सांगायचे. चहा आता गरमच संपायचा, वर "आज आलं कमी पडलं का?" अशी चौकशीही व्हायची. बघा, माणूस सुधारला की कसा डोक्यावर बसतो.

बाई अधूनमधून यायच्या, बसून बघायच्या आणि "अजून नाही" म्हणून जायच्या. आधी त्यांना पाहून काका धास्तावायचे. पुढे पुढे "अजून नाही" ऐकलं की त्यांचा चेहरा खुलायचा, आणि खुलला म्हणून स्वतःच ओशाळायचे. तो खळगा पडूच नये असं त्यांना वाटायला लागलं होतं. मला ते दिसत होतं.

एका संध्याकाळी बाई अचानक आल्या. काका गडबडून उठले. बाई बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"हा यांचा नाही," त्या म्हणाल्या. "हे उजवीकडे कलून बसायचे. हा मधोमध आहे."

"मी पुन्हा भरतो. उजवीकडे कलून बसतो."

बाईंनी पाठीवरच्या कापडावरून हात फिरवला. "गरम आहे खुर्ची."

"आत्ताच उठलो ना. माफ करा."

"नाही हो. हे गेल्यापासून ही गारच असायची. खळगा होता, तरी गारच." त्यांनी डोळे पुसले. "नेते मी."

काकांनीच खुर्ची उचलून हातगाडीवर चढवली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ते दारात उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तर स्वारी पुन्हा खोक्यावर. मागे दुरुस्तीला आलेल्या खुर्च्यांची ही रास. मला भडभडून आलं, आणि तसं झालं की मी भांडते.

"जगाच्या खुर्च्या केल्यात, स्वतःसाठी एक करता येत नाही?"

"केली होती की," काका म्हणाले. "काल गेली."

तेव्हा लक्षात आलं, खोक्यावर ते आज रस्त्याकडे तोंड करून बसले होते. समोर वरच्या मजल्यावर अजून कोणी नव्हतं.

"आज उशीर झाला त्यांना," ते म्हणाले, आणि कुंडीकडे बघत बघत चहा गरम असतानाच प्यायले.