आजीच्या निरगाठी

लॉकडाउनमध्ये आम्ही आयर्लंडमधल्या डब्लिनचं ओंगार उपनगर सोडून पोर्टलीश गावी आलो आणि माझ्या आठ वर्षांच्या लेकीला एकही मैत्रीण उरली नाही. नव्या स्काउट गटातली मुलं तिने फक्त स्क्रीनवर पाहिली होती. म्हणून २०२१च्या वसंतात लीडरबाईंनी नदीकाठच्या पायवाटेवर खेळ मांडला, तेव्हा ही सकाळपासूनच बूट घालून तयार. खेळ सोपा होता. फोनच्या नकाशावरच्या ठिपक्यापाशी जायचं, झुडपात लपवलेला डबा शोधायचा, आतल्या दोरीने चित्रातली गाठ मारायची, सोडायची, आणि डबा पिशवीत घालून पुढच्या मुलांसाठी होता तसा ठेवायचा.

बरोबर माझी आईही निघाली. नागपूरहून दोन-तीन महिन्यांसाठी आली होती. विमानं बंद झाली आणि वर्ष उलटलं तरी इथेच. साडीवर जावयाचं जॅकेट, डोक्याला कानटोपी. लेक दोरीशी झटत होती, मी नकाशाशी, आणि आई मागे राहून प्रत्येक पिशवीचं तोंड बांधत होती. घरातल्या डाळीच्या पिशव्याही ती अशाच बांधते. आमच्याकडे कात्रीशिवाय वरण होत नाही. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट घरी येऊन मी तिघींचा फोटो हौसेने गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला.

दुपारी तिथेच मेसेज आला: पिशव्या उघडत नाहीत, मुलं रडकुंडीला आली आहेत, एवढ्या घट्ट कोणी बांधल्या? वरती आमचा हसरा फोटो होताच. गुन्हेगार शोधायला पोलीस नको होते.

"आई, निरगाठ कशाला मारलीस गं?" मी तडकलेच.

"मंग? इथं रोज पाऊस. पाणी जाईन न त्यात."

"एव्हरीवन विल हेट मी," म्हणत लेक खोलीत गेली. आजीशी बोलेना. मला आधी आईचा राग आला, मग लेकीचा, मग तो फोटो टाकणाऱ्या माझ्या हौसेचा.

दुसऱ्या दिवशी आई स्वतःच निघाली, अंबाड्यात केसांचा आकडा खोचून. "मीच बांधल्या, मीच सोडीन." लेक बरीच मागून, हुड डोळ्यांपर्यंत ओढून. वळणावरच्या बाकापाशी तीन मुली एक पिशवी दातांनी ओढत होत्या. आई बाकावर बसली आणि तिने हात पुढे केला. मुलींनी पिशवी दिली नाही. एकीने कानटोपीकडे बघत विचारलं, "हू इज शी?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण मी वळून पाहिलं. लेक पाण्याकडे बघत उभी होती. ती तशीच मागे फिरली असती, तर आई एक शब्दही बोलली नसती. मला त्याचंच वाईट वाटत होतं.

लेकीने हुड मागे केलं. "दॅट्स माय आजी. शी टाइड इट, सो द रेन वोन्ट गेट इन." आणि बाकावर आजीला चिकटून बसली.

मुलींनी पिशवी दिली. आईने आकड्याने गाठ सैल केली आणि मला विचारलं, "काय म्हणाली वो आपली पोरगी?"

मी तोंड उघडण्याआधी, एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी लेक अडखळत मराठीत म्हणाली, "मी सांगितलं, तू माझी आजी आहेस."

पुढच्या पिशवीची गाठ मात्र आईला बराच वेळ दिसेना. शेवटी लेकीने तिच्या हातातून आकडा घेतला.