अडतिसाव्या वर्षी वाटलेले पेढे

अँजिओग्राफीच्या पडद्यावर माझ्या हृदयाची एक रक्तवाहिनी मध्येच पुसलेल्या रेघेसारखी दिसत होती. डॉक्टर म्हणाले, "हार्ट अटॅक येऊन गेलाय. पाळी कधी थांबली तुमची?"

"अडतिसाव्या वर्षी," मी ऐटीत सांगितलं.

"तेव्हा कोणाला दाखवलं?"

"दाखवलं नाही. पेढे वाटले."

डॉक्टर हसले नाहीत. माझा विनोद असा सपशेल कधीच पडला नव्हता.

पण पेढे खरंच वाटले होते. कामोठ्याच्या जुन्या गावात आमचं घर. दर महिन्याला चार दिवस बाजूला बसायचं. पाळी गेली तशी सासूबाई म्हणाल्या, "सुटलीस गो बाय. आता घट तूच बसव." गल्लीतही माझा भाव वधारला. कोणाची सून ऐन सणाला बाजूला बसली, की नैवेद्याला बोलावणं मला. मी नटूनथटून जायची आणि मानाचा पाट पटकावायची.

यंदा नवरात्राच्या तयारीत जबडा दुखू लागला, जिन्यात धाप लागली. पित्त म्हणून सोडा पीत राहिले. दरदरून घाम फुटला तेव्हा मुलाने नवीन पनवेलच्या हॉस्पिटलात नेलं.

"याला प्रीमॅच्युअर मेनोपॉज म्हणतात," डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे चाळिशीच्या आत पाळी कायमची जाणं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तवाहिन्यांना जपतं. ते लवकर आटलं की हृदयविकाराचा धोका वाढतो. "ते एकमेव कारण नाही. पण तेव्हाच बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघायला हवं होतं. उपचारही करता आले असते."

स्टेंट बसला, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. मात्र हृदयाचा जो स्नायू मेला तो मेलाच. आता पाण्याची कळशी उचलली तरी मध्ये टेकावं लागतं.

शिरढोणहून धाकटी बहीण भेटायला आली. मी पाळीचं सांगितलं, तर ती खुशीत म्हणाली, "ताय, माजी तर गेल्या वर्षीच गेली. आता आमची गौर मीच पुजते." तिला चाळीसही लागलेली नाहीत.

"उद्या तपासायला चल."

"मला काय झालाय? काय दुकत नाय, खुपत नाय."

"मलाही काही दुखत नव्हतं," मी म्हटलं. "पंधरा वर्षं."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर माझ्याच डॉक्टरांकडे आली. बीपी वाढलेलं निघालं, कोलेस्टेरॉलही. हृदय अजून ठणठणीत होतं. गोळी सुरू झाली, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

"बरं झालं, वेळेवर आलात," डॉक्टर तिला म्हणाले.

मी शेजारच्याच खुर्चीवर होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.